मंद्रूपच्या वाटेची ओवी

मी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुस्तकात लोकगीतांचा एखादा पाठ असतोच. तो शिकवताना मी दर वर्षी एक ओवी फळ्यावर लिहीत असे :

मंद्रूपच्या वाटं, कशाचा धुरळा उठला
शाळेतनं बाई, माझा बंधुराया सुटला

आणि खाली लिहीत असे : अनामिक स्त्री. मग मुलांना समजावून सांगे की लोकगीताला कर्ता नसतो, ते समूहाचं असतं, आपल्या मातीतल्या कितीतरी बायका आपलं नाव मागे न ठेवता गेल्या. मुलं लिहून घेत. एकदा एका व्याख्यानात मी हेच सांगितलं तेव्हा श्रोत्यांपैकी दोघांतिघांचे डोळे पाणावले होते. माझेही पाणावले होते, हे विशेष.

ती ओवी करणारी बाई कुठेही गेलेली नव्हती. ती मंद्रूपजवळच्या आमच्या वस्तीवर राहत होती, आजही राहते. ती माझी थोरली बहीण. त्या ओवीतला बंधुराया मी.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिला दिलं होतं अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीत. चार वर्षांत नवरा गेला आणि ती बाविसाव्या वर्षी परत आली. येताना तिने दोन गोष्टी आणल्या. एक, कानडी. मला ती तेव्हापासून ‘तम्मा’ म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. आणि दुसरी, तिकडच्या गाण्यांच्या चाली. शब्द आपले मराठी, चाल कानडी, असं तिचं गाणं झालं. आमच्याकडच्या बायका ओवीची पहिली ओळ सरळ म्हणतात. अक्का ती वर नेऊन मध्येच सोडून द्यायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता पडली. तेवढ्यात दुसरी ओळ खालून येऊन तिला झेलायची. त्या मधल्या क्षणाला बायका श्वास रोखून धरायच्या. मी पुढे संगीतावरची पुस्तकं वाचली, पण त्या क्षणाला काय म्हणतात ते मला सापडलं नाही.

आमची वस्ती मंद्रूपपासून चार किलोमीटर आत. शाळा सुटली की आम्ही दहा-पंधरा पोरं पाय फरफटत, एकमेकांवर माती उडवत घराकडे निघायचो. बांधावरून अक्काला आधी धुरळा दिसायचा, पोरं मागून दिसायची. धुरळा दिसला की ती तव्यावर भाकरी टाकायची. मी दारात पोचेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. ओवी तिथून आली. कुणी केली, कुठे केली, कशासाठी केली, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी अनामिक लिहीत होतो.

तिला दुसऱ्याचं गाणं पारखताही यायचं. गावात गोंधळी आले, देवीची गाणी म्हणणारं आराधी मंडळ आलं, भजनाचा सप्ताह बसला, की ती कोपरा धरून बसायची आणि घरी येताना निकाल द्यायची. एका नावाजलेल्या भजनी बुवाबद्दल ती म्हणाली होती, “गळा लई गोड हाय. पण त्यो मागच्या टाळकऱ्याचं ऐकतच न्हाय. एकटाच चाललाय रस्त्यानं.” वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या धनगराच्या घोगऱ्या आवाजाला मात्र ती मान द्यायची. “त्येचा ढोल थांबला तरी गाणं थांबत न्हाय, बघ. त्येला म्हणावं गाणारा.” मी आज वर्गात लोकसंगीताविषयी जे काही धड बोलतो, ते या असल्या वाक्यांतून उचललेलं आहे.

पण अक्काचं खरं राज्य म्हणजे घाणा. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधायची, त्यांना हळकुंड आणि आंब्याची पानं बांधायची, उखळात गहू आणि हळद घालायची आणि पाच सवाष्णींनी मिळून ते कांडायचं. कांडताना ओव्या म्हणायच्या. मुसळाला हात फक्त सवाष्णीचा लागतो. विधवेचा चालत नाही.

आणि पंचक्रोशीत घाण्याच्या ओव्या अक्काइतक्या कुणालाच येत नव्हत्या.

गावाने यावर आपली तोड काढली होती. अक्काला बोलवायचं, जीप पाठवून, मानाने. मग तिने उंबऱ्याच्या आत, पण घाण्यापासून चार हात लांब, धान्याच्या कणगीला पाठ लावून बसायचं. मुसळ सवाष्णींच्या हातात, गळा अक्काचा. ती ओळ वर नेऊन सोडायची आणि त्या रिकाम्या जागेत बरोबर मुसळ पडायचं. धप्प. मग दुसरी ओळ. पार कुंभारी गावापासून तिला बोलावणी यायची. मला लहानपणी ते फार छान वाटायचं. ज्या बाईला हात लावायची बंदी, तिच्या आवाजाशिवाय कुणाचा घाणा भरत नाही, याचा मला अभिमान होता. या तोडीत किती अपमान आहे, हे मी पुढे वर्गात शिकवलंसुद्धा. अक्काला त्याबद्दल एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली, “मुसळ उचलून हात दुखत्यात तम्मा. माझं बरं हाय.”

घाण्याच्या ओव्यांना तिचा क्रम होता. आधी देव. मग आईबाप. आमच्या वडिलांवर तिची ओवी होती :

बापाचं बोलणं, जशी बांधाची बाभळ
काटे लागती बाई, परी सावली जवळ

मग भाऊ. मग भाचरं. शेवटी विहिणीची थट्टा, म्हणजे इहीणबाई आली पदर घेऊनी डोईला, साखर कमी म्हणं माझ्या घरच्या चहाला. त्यावर बायका हसून हसून मुसळ खाली ठेवायच्या. लग्न कुणाचंही असो, भावाच्या जागी तिची ओवी ठरलेली. मंद्रूपच्या वाटं. मी तिथे असलो तर ती मान वळवून मला शोधायची आणि माझ्याकडे बघूनच दुसरी ओळ म्हणायची. मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, केस पांढरे झाले, तरी त्या ओवीत मी रोज चार वाजता शाळेतून सुटत होतो.

आता जे लिहायचं आहे, ते लिहायला मी तीन वर्षं टाळाटाळ करतो आहे.

माझ्या मुलीचं लग्न सोलापुरात, विजापूर रोडवरच्या एका कार्यालयात झालं. मुलाकडचे पुण्याचे. घाणा घरीच भरावा असं बायकोचं म्हणणं होतं. पण मुलीला सगळे विधी एका जागी हवे होते आणि सजावटवाल्याने स्टेजवर घाण्याचा कोपरा तयार करून दिला होता. झेंडूच्या माळा, रंगवलेलं उखळ, सोनेरी गोटापट्टी लावलेली मुसळं. अक्का सकाळीच एसटीने आली होती. सजावटवाल्याच्या पोराने दोन्ही मुसळं एका हाताने उचलून ठेवलेली तिने नुसती बघितली, हात लावला नाही, आणि मला म्हणाली, “तम्मा, हे पोकळ हाय की रं. ह्येला आवाज न्हाय. वोवी कशावर धरू?”

मी म्हणालो, “अक्का, आजकाल असंच असतं.”

“मग मी मांडीवर धरती,” ती म्हणाली आणि स्टेजच्या कडेला, पडद्याजवळ जाऊन बसली. कणगी नव्हती, म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीला पाठ टेकून.

पाच जणींनी मुसळ धरलं. त्यांत माझी बायकोही होती. अक्काने मांडीवर तळवा मारून देवाची ओवी धरली. हॉलमध्ये खुर्च्या सरकवण्याचे आवाज चालले होते, ते थांबले. मुलाकडच्या चार-पाच बायका लवकर आल्या होत्या, त्याही जवळ सरकल्या. माझ्या मुलीने हातातला मोबाईल खाली ठेवला, हे मी पाहिलं. मला आनंद झाला होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला अक्काचं गाणं नको होतं. तसं नव्हतं.

बाभळीची ओवी चालू असताना मुलाची आत्या माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. चांगली बाई. शिकलेली. हळू आवाजात म्हणाली, “किती छान म्हणतायत! ह्या कोण?” आणि मी उत्तर द्यायच्या आत, “नाही, मंगळसूत्र दिसलं नाही, म्हणून विचारलं. आमच्या आईंना जरा असतं बघा. घाण्याला चालत नाही म्हणतील.”

मी म्हणालो, “गावाकडच्या आहेत. गाणं म्हणायला बोलावलंय.”

कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असंही नाही. ‘माझी बहीण’ हे शब्द ‘गावाकडच्या आहेत’पेक्षा लहान आहेत.

आत्याबाई म्हणाल्या, “हो का? मग ठीक आहे.” म्हणजे बहीण असती तर ठीक नव्हतं. गाण्याला आणलेली बाई असेल तर चालत होतं.

तेवढ्यात वडिलांची ओवी संपली. आता भावाची. अक्काने ओळ वर नेली, “मंद्रूपच्या वाटं, कशाचा धुरळा उठला...” आणि सवयीप्रमाणे मान वळवून मला शोधू लागली. मला दिसलं की आता ती माझ्याकडे बघून दुसरी ओळ म्हणणार. माझा बंधुराया म्हणणार. शेजारी आत्याबाई उभ्या होत्या.

मी दोन पावलं पुढे गेलो, हात वर केला आणि म्हणालो, “बास, बास. वेळ होतोय. फोटो घ्या आता.”

ती थांबली. ओळ वर होती, तिथेच थांबली. मुसळ धरलेल्या हातांना पडावं की नाही ते कळेना, ते तसेच वर राहिले. मग कुणीतरी स्पीकरवर हळदीचं गाणं लावलं आणि मुसळं खालीवर होऊ लागली. फोटो छान आले आहेत. पाचही जणी हसतायत. कडेला अक्काच्या लुगड्याचा काठ दिसतो, तो मुलीने अल्बम करताना कापून टाकला नाही, एवढंच.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “तुम्ही अक्कांना का थांबवलंत?” मी म्हणालो, “वेळ होत होता.” तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण लग्नाचं घर होतं.

अक्का मात्र जराही बदलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या रांगेत उभं राहून अक्षता टाकल्या. मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. जाताना बायकोला म्हणाली, “जिलबी लई चांगली झालती, आचारी कुटला गं?” एसटीत बसवताना मी मनात म्हणालो, तिला काही ऐकू गेलेलं नाही. गात होती ती. गाणाऱ्याला बाहेरचं कुठे ऐकू येतं? मी हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते खरं वाटू लागलं. पुढच्या दोन वर्षांत दर आठवड्याला फोन व्हायचा. जेवलास का तम्मा, गुडघा काय म्हणतोय, पोरगी खुशाल हाय न्हवं. मी पाठ शिकवताना तीच ओवी फळ्यावर लिहीत राहिलो. अनामिक स्त्री.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं, मंद्रूपमध्ये, घरच्या घरी. घाणा सोप्यात भरला होता. आम्ही पुरुषमाणसं बाहेर मांडवात बसलो होतो. आतून खऱ्या मुसळाचा आवाज येत होता, धप्प, आणि वर अक्काचा गळा. पासष्टीची बाई. आवाज थोडा खाली उतरला होता, पण ओळ सोडून द्यायची ती रीत तीच. मांडवातल्या गप्पा हळूहळू बंद झाल्या. कुणीतरी म्हणालं, “अजून काय वाघीण हाय बघ.”

देव झाले. आई झाली. बाप झाला, बांधाची बाभळ. मी नकळत नीट सावरून बसलो. आता माझी पाळी.

अक्काने भाचरं धरली.

आधी वाटलं, चुकली. वय झालंय. पण आतून एका म्हातारीचा आवाज आला, “अगं ए, भाऊ कुटं गेला मधला? गाळलास की!”

दुसरी कुणी हसली, “सोलापूरला ऱ्हातो न्हवं, गाडी चुकली आसंल त्येची.”

सगळ्या हसल्या. अक्काही हसली, ते मला ऐकू आलं. मग म्हणाली, “ऱ्हाऊ द्या गं. हात थांबवू नगा, गहू उडाय लागलं.” आणि तिने पुढची ओवी धरली. माझ्या मुलीचं नाव त्यात होतं, पुण्याच्या वाटेने गेलेली भाची. जावई होता. चुलतभाऊ होते. सगळं घर होतं त्यात.

लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीवर गेलो. अक्का पडवीत शेंगा फोडत बसली होती. मीही समोर बसून फोडू लागलो. मग म्हणालो, “अक्का, परवा घाण्याला भावाची ओवी म्हटली नाहीस.”

“व्हय का?”

“नाही म्हटलीस.”

“वोवी काय पाटीवर लिवून ठिवल्याली असती व्हय तम्मा? तोंडात येती तवा येती.”

मग मी एका दमात सगळं बोलून टाकलं. आत्याबाई, मंगळसूत्र, मी काय म्हणालो, का थांबवलं. माफ कर म्हणालो. ती शेंगा फोडत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने टरफलं सुपात गोळा केली आणि म्हणाली,

“मला म्हाईत हाय की. चार हातावर तर हुतास.”

हातातली शेंग मी न फोडताच खाली ठेवली.

“आनि तू खोटं काय बोललास?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “गावाकडचीच हाय मी. गाणं म्हणायलाच बोलिवलंतं. जलमभर समद्यांनी तेवढ्यालाच बोलिवलं मला. फकस्त मला वाटायचं, तुज्या घरी तरी मी...” आणि तिने वाक्य सोडून दिलं. ओळ सोडते तसं. पण खालून झेलायला काही आलं नाही.

मी म्हणालो, “एकदा म्हण अक्का. आत्ता. इथे कुणी नाही.” आणि हे सांगायला लाज वाटते, पण बोलता बोलता माझा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. रेकॉर्ड करावं म्हणून. तिने ते बघितलं.

“त्याला पायजे का तुला पायजे?”

मी मोबाईल खिशातच ठेवला. “मला.”

तिने हात झटकले. पडवीतल्या कणगीला पाठ टेकली. डोळे मिटले. मांडीवर तळवा मारला आणि ओळ वर नेली.

“मंद्रूपच्या वाटं, कशाचा धुरळा उठला...”

मी वाट बघत राहिलो. तळवा दुसऱ्यांदा मांडीवर पडला, तिसऱ्यांदा पडला. तिचे ओठ हलत होते. मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

“म्होरलं येत न्हाय रं,” ती म्हणाली.

तिला येत नव्हतं की तिने म्हटलं नाही, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तिला शेकड्याने ओव्या पाठ आहेत. बाविसाव्या वर्षी ऐकलेल्या कानडी ओव्या तिला शब्दन् शब्द आठवतात. पण ते डोळ्यांतलं पाणीही खोटं नव्हतं. मी पुढची ओळ तिला सांगू शकलो असतो. मला ती तोंडपाठ आहे, मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहिली आहे. सांगायला तोंड उघडलंही. शाळेतनं बाई, एवढंच आलं, आणि कळलं की हे माझ्या तोंडात बसत नाही. ती एका बाईने दुसरीला सांगायची गोष्ट आहे की बघ, तो माझा भाऊ येतोय. भावाने स्वतः कसं म्हणायचं?

निघताना तिने शेंगदाण्याची पिशवी दिली. “चटणी कर म्हणावं वैनीला. लसूण जरा जादा घाल म्हणावं.” मी गाडीला किक मारली. आता त्या वाटेवर डांबर आहे. वळणावरून मागे बघितलं तर ती बांधापर्यंत आली होती आणि कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत होती.

यंदा मी तो पाठ शिकवताना ओवी लिहिली नाही. पुस्तकातली शिकवली. एका मुलीने विचारलं, “सर, माझी दीदी तुमच्या वर्गात होती, ती म्हणाली तुम्ही मंद्रूपची एक ओवी सांगता. मी मंद्रूपचीच आहे.” मी म्हणालो, ती मला पूर्ण येत नाही.

वस्तीवरून परतलो त्या दिवशी मी घरी पोचून चपला काढतो तोच अक्काचा फोन वाजला होता. दर वेळी वाजतो.

“पोचलास का तम्मा?”

“पोचलो.”

“बरं,” ती म्हणाली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. पलीकडे तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला आणि तिने फोन ठेवला.